मलिक-ए-मैदान, सोरा आणि बिदरी : मैंदर्गीच्या मुलखातील धातू-अधातूंचा इतिहास

१/ सन १८५४. विजापूरच्या तटावर पडून असलेल्या जुन्या तोफा विकून टाकण्याचे इंग्रज अधिकाऱ्यांनी ठरवले. त्यांतील एका तोफेचे वजन सुमारे ५५ टन होते. लिलावात तिला बोली लागली अवघी १५० रुपयांची. सुदैवाने ती विक्री रद्द झाली. तोफेचे नाव : मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाची स्वामिनी.

२/ त्या वेळी तोफेचे वय ३०५ वर्षांचे होते. इतकी वर्षे ऊन-पाऊस खाऊनही तिच्यावरील लेख वाचता येत होते, आजही येतात. याउलट तिच्या पोटात भरली जाणारी दारू क्षणार्धात जळून जाई. एक पदार्थ शतकानुशतके तसाच राहतो, दुसरा निमिषात नाहीसा होतो. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच : अणू परस्परांशी कोणत्या बंधाने बांधले गेले आहेत.

३/ हा इतिहास समजून घेण्यासाठी नकाशावर मैंदर्गी शोधावी. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील हे नगरपरिषदेचे गाव. कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा गावाच्या तोंडी. नैर्ऋत्येला विजापूर, पूर्वेला गुलबर्गा, ईशान्येला बीदर, वायव्येला सोलापूर आणि त्यापलीकडे परांडा.

४/ बहमनी सत्तेच्या दोन्ही राजधान्या, आदिलशाहीची राजधानी आणि निजामशाहीचा एक बळकट किल्ला यांच्या मधोमध हा मुलूख येतो. सोलापूरचा किल्ला तर निजामशाही आणि आदिलशाही यांच्यातील कायमचा कलहविषय. चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून दिले गेले. तरी वाद मिटला नाही.

५/ जिथे सीमा, तिथे किल्ले. जिथे किल्ले, तिथे तोफा, दारूखाने, ओतारी आणि लोहार. म्हणूनच धातू आणि अधातू यांचे नाते दख्खनच्या या पट्ट्यात ग्रंथांपेक्षा भट्ट्यांमध्ये अधिक स्पष्टपणे वाचता येते.

✦ तोफ : धातूचा धातूशी बंध

६/ मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगर येथे, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे : मुहम्मद बिन हसन रूमी. 'रूमी' ही उपाधी त्याचा उस्मानी तुर्कांच्या प्रदेशाशी असलेला संबंध दाखवते. त्या काळी तोफा ओतण्यात तुर्क कारागिरांचा हात धरणारे थोडेच होते.

७/ तोफेची लांबी सुमारे ४.४५ मीटर, बाहेरील व्यास सुमारे दीड मीटर, तोंडाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे भिंतीची जाडी जवळजवळ ४० सेंटिमीटर. तोंड सिंहासारख्या हिंस्र पशूच्या उघड्या जबड्याचे; दातांत हत्ती चिरडला जात असल्याचे शिल्प. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला लेख कोरवला.

८/ धातूच्या पृथक्करणात सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील आढळले. हे प्रमाण नेहमीच्या तोफेचे नव्हे, घंटेचे आहे. तोफांसाठी सहसा १० टक्क्यांच्या आसपास कथील पुरे. कथील वाढले की काशाची कठीणता वाढते, नाद वाढतो. पण ठिसूळपणाही वाढतो. भिंत इतकी जाड असण्याची गरज यातून ध्यानात येते.

९/ येथे पहिला बंध भेटतो : धात्विक बंध. धातूच्या अणूंचे सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉन त्यांच्याशी सैलपणे जोडलेले असतात. असंख्य अणू एकत्र आले की हे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत; गायरान जसे साऱ्या गावाचे, तसे ते साऱ्या धातूचे होतात. धनप्रभारित अणू आणि हे सामाईक इलेक्ट्रॉन यांच्यातील आकर्षणाने धातू एकसंध राहतो.

१०/ धातू वीज आणि उष्णता का वाहून नेतो, याचे उत्तर या मोकळ्या इलेक्ट्रॉनांत आहे. तो ठोकला तरी तुटत नाही, पसरतो. कारण अणूंचे थर सरकले तरी सामाईक इलेक्ट्रॉन त्यांना धरून ठेवतात. तांब्याच्या हंड्यावर तांबट घाव घालतो आणि हंडा फुटण्याऐवजी घडतो, तो याच बंधामुळे.

११/ मग काशात कथील वाढल्यावर ठिसूळपणा कोठून येतो? कथिलाचे अणू तांब्याच्या अणूंपेक्षा मोठे. ते मध्येच बसले की थरांची घसरगुंडी अडते आणि धातू कठीण होतो. प्रमाण आणखी वाढले की दोन्ही धातूंचा एक अतिकठीण, ठिसूळ घटक आतल्या आत तयार होतो. घंटेचा स्वच्छ नाद आणि घंटेला जाणारा तडा, दोन्हींचे मूळ तेथे आहे.

१२/ कथील दख्खनमध्ये जवळपास मिळत नसे. त्याचा मोठा स्रोत मलाय द्वीपकल्प. 'कल्हई' हा आपला घरगुती शब्द अरबीतील कथिलाच्या नावावरून आला, आणि अनेक अभ्यासक त्या नावाचा संबंध मलाय किनाऱ्यावरील 'कलह' या जुन्या बंदराशी जोडतात. स्वयंपाकघरातील एका शब्दात सागरी व्यापाराचा नकाशा दडलेला आहे.

✦ दारू : धातूचा अधातूशी बंध

१३/ तोफेची दारू तीन पदार्थांची : सोरा, गंधक आणि कोळसा. पुढे रूढ झालेले प्रमाण वजनाने साधारण ७५ : १० : १५. गंधक आणि कोळसा हे अधातू. सोरा मात्र संयुग. त्यात पोटॅशियम हा धातू आहे, नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे अधातू आहेत. दारूची खरी किल्ली सोऱ्याकडे होती.

१४/ सोरा यायचा कोठून? गावाच्या जुन्या मातीतून. मराठी मुलखात शेतजमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात. पिढ्यान् पिढ्या माणसे आणि गुरे राहिल्याने पांढरीच्या मातीत मूत्र, शेण, राख मुरत जाते. मातीतील सूक्ष्मजीव त्यातील नायट्रोजनचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात.

१५/ सोरा काढणारे लोक जुन्या भिंतींची, गोठ्यांची अशी खारट माती गोळा करीत. ती पाण्यात भिजवून, गाळून, ते पाणी आटवत. राखेतील पोटॅशियमचे क्षार मिसळले की हवा तो सोरा मिळे. थंड होताना त्याचे लांबट स्फटिक आधी बाहेर पडत; मीठ पाण्यातच राही. सूक्ष्मदर्शक नसतानाही क्षार वेगळे करण्याची ही रीत अचूक होती.

१६/ येथे दुसरा बंध येतो : आयनिक बंध. पोटॅशियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज सुटतो. सुटला की उरतो धनप्रभारित आयन. नायट्रेट हा ऋणप्रभारित गट. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात आणि सोऱ्याचा स्फटिक उभा राहतो. देणारा धातू, घेणारा अधातू : आयनिक बंधाचे हे ढोबळ सूत्र आहे.

१७/ मिठाचेही तेच. सोडियम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो. मिठाचा खडा ठोकला तर तांब्यासारखा पसरत नाही, फुटतो. कारण घावाने थर सरकले की सारख्या प्रभाराचे आयन समोरासमोर येतात आणि एकमेकांना दूर ढकलतात. ठोकल्यावर पसरणे आणि ठोकल्यावर फुटणे, हा फरक बंधांच्या जातीचा आहे.

१८/ पोटॅशियम किती उतावीळ धातू आहे, हे जगाला १८०७ मध्ये कळले. हम्फ्री डेव्ही याने लंडनमध्ये वितळलेल्या क्षारातून वीजप्रवाह सोडून तो प्रथम सुटा केला. पाण्यावर टाकताच तो जांभळट ज्योतीने पेटला. दख्खनचे गोलंदाज त्याआधी कित्येक पिढ्या हाच धातू संयुगरूपाने तोफांत भरत होते; फक्त तो धातू आहे, हे कोणाला ठाऊक नव्हते.

✦ बत्ती लागते तेव्हा

१९/ नायट्रेट गटाच्या आत नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांना जोडणारा तिसरा बंध आहे : सहसंयुज बंध. दोन्ही अधातू, दोघांनाही इलेक्ट्रॉन हवेत, सोडायचे कोणालाच नाहीत. म्हणून ते इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सामाईकीने वापरतात. गंधकाचे आठ अणूही अशाच बंधांनी कड्यासारखे गुंफलेले असतात.

२०/ रंजकाला बत्ती लागली की उष्णतेने जुने बंध तुटू लागतात. सोऱ्यातील ऑक्सिजन मोकळा होतो आणि कोळशाशी जोडला जातो; कार्बनचे वायू तयार होतात. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांशी तिहेरी बंधाने जखडले जातात. बंदिस्त जागेत दारूला बाहेरच्या हवेची गरज पडत नाही. तिची हवा तिच्या सोऱ्यातच असते.

२१/ येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. बंध 'तुटल्याने' ऊर्जा बाहेर पडत नाही. बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते. ऊर्जा मिळते ती नवे, अधिक बळकट बंध 'जुळल्याने'. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचे बंध अतिशय बळकट आहेत. खर्चापेक्षा जमा मोठी, म्हणून तोफ धडाडते.

२२/ पोटॅशियम मात्र वायू होत नाही. तो गंधकाशी, कार्बनशी, ऑक्सिजनशी संयोग पावून घन क्षार बनवतो. जळलेल्या दारूचे निम्म्याहून अधिक वजन अशा घन पदार्थांचे असते. युद्धवर्णनांत येणारा तो दाट पांढरा धूर म्हणजे प्रामुख्याने हवेत उधळलेले क्षारकण. धातू आणि अधातू यांचा संयोग रणांगण झाकून टाकीत असे.

२३/ २३ जानेवारी १५६५ रोजी विजयनगरविरुद्धच्या तालीकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याचा प्रमुख चलबी रूमीखान होता. फरिश्ता लिहितो, की जवळच्या माऱ्यासाठी त्याने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरल्या. मलिक-ए-मैदानही त्या लढाईत होती, अशी परंपरा सांगते.

२४/ पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात आली आणि १६३२ मध्ये मुरार पंडिताने ती विजापूरला नेली. तिच्या जोडीची 'कडक बिजली' वाटेत नदीत बुडाली, ही आख्यायिका अजून ऐकू येते. तिचे तथ्य काहीही असो. ५५ टनांचे धूड बैलांच्या बळावर दख्खनच्या काळ्या मातीतून ओढून नेणे हीच एक मोहीम होती.

✦ लोखंड : अधातूने घेतलेला सूड

२५/ विजापूरच्या उपली बुरुजावर, १५८४ च्या सुमारास बांधलेल्या त्या उंच बुरुजावर, सुमारे ९ मीटर लांबीची लोखंडी तोफ आहे. ती ओतलेली नाही, घडवलेली आहे. लोखंडी पट्ट्या लांबीने जुळवून त्यांवर तापलेली कडी ठोकून बसवली. लोखंड ओतण्याइतकी उष्णता भट्टीत आणणे दुष्कर होते. लोहारांनी घणाने तो प्रश्न सोडवला.

२६/ लोखंडाची ही विद्या महाराष्ट्रात जुनी. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या आसपासची लोह गाळण्याची भट्टी सापडली. कोळशाचा कार्बन खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. एका अधातूच्या तावडीतून धातू सोडवायला दुसरा अधातू लागतो.

२७/ पण मोकळे झालेले लोखंड मोकळे राहत नाही. हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा मिळाला की त्याचे अणू पुन्हा इलेक्ट्रॉन देऊ लागतात. गंज तयार होतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, भुसभुशीत असतो, पापुद्रे होऊन गळतो. मग आतले ताजे लोखंड उघडे पडते. ही झीज थांबत नाही.

२८/ तांबे आणि कथील यांचे वर्तन वेगळे. त्यांवरही हवेतील ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची क्रिया होते. पण तयार होणारा काळपट-हिरवट थर घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचे पांघरूण होतो. मलिक-ए-मैदान गंजली नाही असे नव्हे. तिचा गंजच तिचा रक्षक झाला.

२९/ अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागारात तलवारी, भाले, बंदुका मांडलेल्या आहेत. मैंदर्गीच्या मुलांना हे संग्रहालय जवळच. तेथील प्रत्येक पाते चकचकीत दिसते, त्यामागे कोणा राखणदाराचे तेलाचे बोट आहे. तेलाचा थर हवा आणि ओल यांना अडवतो. शस्त्र जपणे म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवघेव रोखून धरणे.

✦ बिदरी : काळा रंग कोठून आला?

३०/ बीदरच्या बिदरीकामात हीच देवघेव रोखत नाहीत, मुद्दाम घडवून आणतात. भांडे जस्ताचे, त्यात थोडे तांबे. साच्यात ओतून कानशीने घासले की ते पांढरट दिसते. मग कारागीर त्यावर मोरचुदाचे पाणी फासतो आणि पृष्ठभाग काळसर होतो, म्हणजे कोरलेली नक्षी उठून दिसते.

३१/ मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. जस्त तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील. त्यामुळे जस्त स्वतः इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात जाते आणि द्रावणातील तांबे धातुरूपाने पृष्ठभागावर बसते. दहावीच्या पुस्तकात जी 'विस्थापन अभिक्रिया' म्हणून शिकवली जाते, ती बीदरच्या कारागिराच्या रोजच्या कामाची पहिली पायरी आहे.

३२/ नक्षीच्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी भांडे किंचित तापवून त्यावर नवसागर आणि किल्ल्यातील जुनी माती यांचा लेप चोळतात. ऊन-पाऊस न लागलेली ही माती सोऱ्याच्या जातीच्या क्षारांनी युक्त असते. काही क्षणांत सारे भांडे मिट्ट काळे होते. चांदी मात्र शुभ्र राहते.

३३/ ज्या मातीतील क्षारांनी दारू बनत होती, तशाच मातीने येथे कला जन्माला घातली. लेपामुळे पृष्ठभागावरचे जस्त विरघळते, तांब्याचे प्रमाण वाढते आणि तांब्याच्या संयुगांचा काळा थर बसतो. जस्तात तांबे नसेल तर हा काळा रंग चढत नाही. चांदी सहजी इलेक्ट्रॉन सोडत नाही, म्हणून ती उजळ.

३४/ जस्त मिळवणे हेही सोपे नव्हते. भट्टीच्या उष्णतेत ते मोकळे होताक्षणी वाफ होऊन उडते, कारण ते ९०७ अंश सेल्सियसलाच उकळते. राजस्थानात जावर येथे ही वाफ खाली थंड करून जस्त धरीत. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात त्यासाठी वृंताक मूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, सांगितली आहे.

✦ 'बंध' हा शब्द आणि त्याचा अर्थ

३५/ याच ग्रंथात पाऱ्याचे अनेक 'बंध' दिले आहेत. चंचल पारा स्थिर करणे असा तेथे अर्थ. पारा आणि गंधक खलात घोटून होणारी काळी कज्जली हे धातू-अधातू संयोगाचे उत्तम उदाहरण. मात्र शब्द सारखा म्हणून कल्पना सारखी ठरत नाही. रसशास्त्रातील बंधात इलेक्ट्रॉन नव्हता. तो १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन याच्या प्रयोगांतून पुढे आला.

३६/ त्यानंतर चित्र भराभर स्पष्ट झाले. १९०० मध्ये ड्रूड याने धातूतील मोकळ्या इलेक्ट्रॉनांची कल्पना मांडली. १९१६ मध्ये कोसेल याने इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीतून होणारा बंध आणि लुईस याने सामाईक जोडीचा बंध सांगितला. सहसंयुज बंधाचे आज रूढ असलेले इंग्रजी नाव लँगम्यूर याने १९१९ मध्ये प्रचारात आणले.

३७/ म्हणून दोन टोकांची विधाने टाळावीत. 'पूर्वजांना सारे ठाऊक होते' हे खरे नाही. 'पूर्वजांना काहीच कळत नव्हते' हेही नाही. मुहम्मद बिन हसनला इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता, पण किती कथिलाला धातू कसा वागतो हे त्याचा हात जाणत होता. सिद्धान्ताने त्या हाताला उत्तर दिले. हाताने प्रश्न आधीच सोडवला होता.

३८/ असे ज्ञान घराघरांतही होते. पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक आजीला ठाऊक. आंबटातील आम्लाने तांब्याचे क्षार ताकात उतरतात. उपाय कल्हईचा. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो, काळपट थर निघून जातो आणि स्वच्छ तांब्यावर कथील पसरते. बीदरला काळे करणारा नवसागर येथे लख्ख करतो.

३९/ तोफेच्या लेखावर ओतणाऱ्याचे नाव राहिले. पांढरीची माती उकळून सोरा काढणाऱ्यांची, उपली बुरुजाच्या तोफेवर घण घालणाऱ्यांची, बीदरच्या पहिल्या कारागिरांची नावे कोणी कोरली नाहीत. १८५४ मध्ये १५० रुपये बोलणाऱ्याला तर तोफही फक्त मोड वाटली. त्या धातूत किती माणसांचे ज्ञान वितळून एकजीव झाले आहे, हे तराजूला दिसत नाही.

४०/ मलिक-ए-मैदान आजही विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आहे. हलकेच टिचकी मारली तर घंटेसारखी वाजते असे म्हणतात. ८० भाग तांबे आणि २० भाग कथील यांचा तो आवाज. मैंदर्गीहून ती पाहायला जाणाऱ्याने वाटेत जुन्या पांढरीची एखादी पडकी भिंतही पाहावी. तिच्या पायथ्याशी पांढरा क्षार फुललेला असतो. (धागा समाप्त)